सुपातले उडीद आणि पायातली बेडी



पाठशाळेत चंदनबालेची कथा सांगण्याचा प्रसंग दरवर्षी येतो, आणि दरवर्षी ती कथा मुलांना जिंकते. चंपानगरीवर कौशांबीच्या शतानीक राजाने केलेली स्वारी, राजकन्या वसुमतीचे अपहरण, मातेचा करुण अंत, कौशांबीच्या बाजारात झालेली विक्री, धनावह श्रेष्ठींचे वात्सल्य, त्यांच्या पत्नीचा, मूलाचा, मत्सर, मुंडन केलेले मस्तक, तळघरातील तीन दिवसांची उपासमार. आणि मग उंबरठ्यावर उभी असलेली ती, पायात बेडी, हातातील सुपाच्या कोपऱ्यात उकडलेले उडीद, आणि समोर पाच महिने पंचवीस दिवस निराहार राहिलेले महावीर प्रभू. अभिग्रह पूर्ण होतो, बेड्या गळून पडतात, देवदुंदुभी वाजू लागतात. मुले टाळ्या वाजवतात, आणि सांगणाऱ्यालाही धन्य वाटते.

यंदा टाळ्या थांबल्यावर नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‘‘ताई, त्या बाजारात एकटी चंदनबालाच होती का? की अजून पण मुली होत्या?’’

‘‘असतील की,’’ मी सहज म्हणून गेले. ‘‘बाजार म्हटला म्हणजे आणखी लोक असणारच.’’

‘‘मग त्यांचं काय झालं?’’

मला उत्तर सुचले नाही. वेळ झाल्याचे निमित्त करून मी पुस्तक मिटले. परंतु तो प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत आला. इतकी वर्षे ही कथा सांगताना आपले डोळे ओलावतात ते एक राजकन्या विकली गेली म्हणून. जी राजकन्या नव्हती, जिच्यासाठी कोणी अभिग्रह धरला नाही, जिच्या दारी दुंदुभी वाजल्या नाहीत, तिच्याविषयी आपण कधी विचारच केला नाही. दिगंबर परंपरेत या कथेचे तपशील काहीसे निराळे आहेत. परंतु बेडी आणि दास्य दोन्हीकडे आहे. आपण मात्र मुलांना सुपातले उडीद दाखवतो आणि पायातल्या बेडीवरून झपाट्याने पुढे जातो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर गुलामगिरीच्या सत्यकथांकडे वळावे लागते, कारण त्या ‘आणखी लोकां’च्याच कथा आहेत. येथे पालक दचकतात. ‘एवढ्या लहान वयात हे कशाला? कोवळ्या मनावर परिणाम होईल,’ ही चिंता खोटी नाही. मात्र या चिंतेपोटी आपण काय करतो, हे एकदा तपासून पाहावे. अमेरिकेत या विषयावर मुलांसाठी अनेक दशके लिहिले गेले आहे. तेथील चुका आणि तेथील यश, दोन्ही आपल्याला शिकवणारे आहेत.

प्रथम एक चूक पाहू. जानेवारी २०१६ मध्ये तेथील एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लहान मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक काढले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसासाठी त्यांचा आचारी हर्क्युलिस आणि त्याची छोटी मुलगी केक तयार करतात, अशी त्याची कथा होती. हर्क्युलिस हा खराखुरा माणूस होता, अतिशय नावाजलेला पाककुशल, आणि वॉशिंग्टन यांचा गुलाम. पुस्तकातील चित्रांत मात्र सगळे हसरे होते. पुस्तक बाजारात येताच प्रखर टीका झाली आणि काही दिवसांतच प्रकाशकांनी ते मागे घेतले. हेतू वाईट नसावा. एका कुशल कारागिराचा अभिमान मुलांना सांगावा, असेच लेखिकेला वाटले असणार. त्याच्या पलायनाचा उल्लेखही शेवटच्या टिपणात होता. परंतु लहान मूल टिपण वाचत नाही. ते चित्रातले हसू पाहते आणि गुलामगिरी म्हणजे स्वयंपाकघरातली एक गंमत, असे मनात साठवते.

आता खरी हकीकत ऐका. राजधानी फिलाडेल्फियात होती, त्या काळात हर्क्युलिस राष्ट्राध्यक्षांच्या निवासातील मुदपाकखाना सांभाळत असे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. म्हणून मुदत भरण्याआधीच गुलामांना काही दिवस राज्याबाहेर पाठवावे आणि पुन्हा आणावे, अशी व्यवस्था वॉशिंग्टन यांनी ठेवली होती. पुढे हर्क्युलिसला त्यांच्या माउंट व्हर्नन येथील शेतीवाडीवर कष्टाच्या कामाला लावण्यात आले. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टन यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो तेथून निसटला आणि पुन्हा त्यांच्या हाती लागला नाही. त्याची मुले मात्र मागेच राहिली. त्यांची आई वॉशिंग्टन यांच्या पत्नीच्या माहेरघराण्याकडून नव्हे, तर तिच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेली होती. त्यामुळे वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना मुक्ती दिली, तेव्हाही ती मुले मुक्त झाली नाहीत.

हर्क्युलिस निसटल्यानंतर काही आठवड्यांनी फ्रान्सच्या राजघराण्यातील लुई फिलिप, जो पुढे फ्रान्सचा राजा झाला, माउंट व्हर्नन येथे पाहुणा म्हणून आला. त्याच्या सेवकाने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारले, की बाबा आता कधीच भेटणार नाहीत याचे तुला फार दुःख होत असेल, नाही? त्या चिमुरडीने सांगितले, की मला फार आनंद झाला आहे, कारण ते आता स्वतंत्र आहेत. लुई फिलिपने ही गोष्ट आपल्या रोजनिशीत नोंदवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

कोवळ्या मनांना काय पेलते, याचा निर्णय करताना मला ही सहा वर्षांची मुलगी आठवते. दोनशे वर्षांनंतरच्या मोठ्यांनी तिच्या वयाच्या मुलांसाठी हसरी चित्रे काढली. ती स्वतः मात्र स्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे दोन्ही जाणत होती. मुलांना दुःख कळत नाही असे नाही. दुःखाविषयी खोटे सांगितले की त्यांचा गोंधळ होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढीच हकीकत सांगावी. तीत चाबूक नाही, रक्त नाही, आणि तरीही ती पूर्ण खरी आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठ ते अकरा वर्षांच्या वयात, फ्रेडरिक डग्लसची बालपणीची हकीकत घ्यावी. तो १८१८ मध्ये मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मला. आपली जन्मतारीख त्याला आयुष्यभर ठाऊक झाली नाही. घरोघरी वाढदिवस साजरे होण्याच्या या काळात ही एकच गोष्ट मुलांना अंतर्मुख करते. त्याला तान्हेपणीच आईपासून तोडले होते. ती सुमारे बारा मैलांवरच्या शेतावर राबत असे. दिवसभराच्या कामानंतर रात्री ती चालत येई, त्याला कुशीत घेऊन निजवी आणि पहाट होण्याआधी परत निघे, कारण सूर्योदयाला शेतावर नसल्यास फटके बसत. अशी ती त्याला चार-पाच वेळाच भेटली. तो सुमारे सात वर्षांचा असताना ती वारली.

पुढे बाल्टिमोर शहरातील एका घरी त्याला पाठवले गेले. घरच्या मालकिणीने, सोफिया ऑल्डने, त्याला प्रेमाने मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. पतीने ते पाहिले आणि तत्काळ थांबवले. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे त्याचे म्हणणे. लहानगा फ्रेडरिक ते ऐकत होता, आणि मुक्तीची वाट कोणती हे त्याला त्याच क्षणी उमगले. घरातून निरोपासाठी बाहेर पाठवले की तो खिशात भाकरी घेऊन निघे. रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांपैकी पुष्कळ गरीब आणि भुकेली असत. त्यांना तो भाकरी देई आणि त्या बदल्यात अक्षरे शिकून घेई. १८३८ मध्ये तो निसटला, १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि गुलामगिरीविरुद्धचा तो एक थोर वक्ता झाला. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. १८६५ च्या घटनादुरुस्तीने ती प्रथा कायद्याने संपली.

याच वयोगटासाठी हेन्री ब्राउनची कथाही उत्तम आहे. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात त्याची पत्नी आणि मुले त्याच्या देखत दुसऱ्या राज्यात विकली गेली. त्यानंतर, मार्च १८४९ मध्ये, तीन फूट लांबीच्या एका लाकडी खोक्यात बसून त्याने स्वतःलाच फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून पाठवले. सत्तावीस तास तो त्या खोक्यात होता, त्यातील काही काळ डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत. एलेन लेवीन या लेखिकेने २००७ मध्ये त्यावर लहान मुलांसाठी सुंदर चित्रमय पुस्तक केले. त्यात खोक्याचे साहस आहे, तसेच विकल्या गेलेल्या पत्नीचे आणि मुलांचे दुःखही आहे. केवळ साहस सांगितले असते तर ती करमणूक झाली असती.

बारा वर्षांपुढील मुलांना ज्युलियस लेस्टर यांचे ‘टू बी अ स्लेव्ह’ हे १९६८ चे पुस्तक द्यावे. त्यात गुलामगिरी भोगलेल्या माणसांचे स्वतःचे शब्द आहेत, आणि लेखक मधे मधे केवळ दुवे जोडतो. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका प्रकल्पाने, एकेकाळी गुलाम असलेल्या दोन हजार तीनशेहून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या. त्या पुस्तकाला अशा नोंदींचा मोठा आधार आहे. हॅरिएट जेकब्स या स्त्रीचे आत्मकथन याहूनही थोड्या मोठ्या वयात, आईने किंवा ताईने जवळ बसून वाचावे. मालकाच्या छळापासून वाचण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभेही राहता येणार नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि एका भोकातून खाली खेळणारी आपली मुले पाहत राहिली. तो छळ कोणत्या स्वरूपाचा होता, हे वाढत्या वयाच्या मुलींना आणि मुलांनाही योग्य शब्दांत कळले पाहिजे.

सांगण्याच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी अनुभवाने पटल्या आहेत. एक, क्रौर्याचे वर्णन रंगवू नये. फटक्यांची संख्या सांगून मूल शहारते, परंतु त्याला समज येत नाही. बारा मैल चालत आलेली आई सांगितली की त्याला समज येते. दुसरी, मालकांना राक्षस करू नये. राक्षस म्हटले की मूल निश्चिंत होते, कारण आपल्या घरात राक्षस नसतो. डग्लसने लिहून ठेवले आहे, की त्याचा एक मालक धार्मिक मेळाव्याला जाऊन आल्यावर अतिशय भाविक झाला. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊ लागल्या. परंतु गुलामांवरील क्रौर्य कमी झाले नाही, उलट वाढले. प्रार्थनेला जाणारी, शेजाऱ्यांत मान असलेली, आपल्या मुलांवर माया करणारी माणसेच हे करत होती. ही गोष्ट मुलांना सांगणे अवघड आहे. परंतु ती गाळली तर बाकीची कथा सांगून विशेष उपयोग नाही.

आणि येथेच कथा आपल्या दारात येते. ‘ते अमेरिकेत होते, आपल्याकडे नव्हते,’ असे आपण मुलांना सांगू शकत नाही. कौशांबीच्या बाजाराची कथा आपलीच आहे. आपल्या महाराष्ट्रात पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. इथिओपियात जन्मलेला आणि बालपणी अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. शाळेच्या पुस्तकातला हा वीर मुळात एक विकलेला मुलगा होता. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांना त्या दूरच्या बेडीत आपल्या समाजातील बेडी दिसली होती. कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या राबवून घेण्याच्या वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी आली ती १९७६ मध्ये. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत.

श्रावकाच्या अपरिग्रह अणुव्रताचे अतिचार आपण म्हणतो, तेव्हा शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांच्याच रांगेत ‘दासी-दास’ हा शब्द येतो. प्रतिक्रमणात ‘द्विपद’ हा शब्द चतुष्पदांच्या शेजारी येतो. प्राचीन गृहस्थाच्या घरी माणसे मालमत्तेत मोजली जात, याचा हा स्पष्ट पुरावा आपण रोज म्हणतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. मला वाटते, हे मुलांपासून लपवू नये. त्या काळी सर्व समाजात ती रीत होती, आणि आपले पूर्वजही त्याच समाजात राहत होते.

त्याच वेळी दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगावी. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवा : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारहाण करणे, अंग छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. गुलामाच्या मालकाची दिनचर्या मांडावी तशी ही यादी आहे. मूलाने चंदनबालेच्या पायात बेडी घातली तो बंध, आणि तीन दिवस उपाशी ठेवले तो अन्नपाननिरोध. डग्लसच्या आईला ज्याची धास्ती होती ते फटके म्हणजे वध. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘केशवाणिज्य’ आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ द्विपद आणि चतुष्पद जीवांची विक्री असा दिला आहे. माणसाचा व्यापार करून मिळवलेला पैसा श्रावकाच्या घरात येता कामा नये, हे तेव्हाच सांगून ठेवले होते. अभिग्रहाकडेही या दृष्टीने पाहावे. प्रभूंनी मनात धरलेले दात्याचे रूप कोणते होते? मुंडन केलेली, बेडीतली, उपाशी, रडणारी दासी. कौशांबीतील एवढी संपन्न घरे ओलांडून ते तिच्याच दाराशी थांबले, आणि पुढे छत्तीस हजार साध्वींचे प्रमुखपद तिच्याकडे आले. माणसाला वस्तूंच्या रांगेत मोजणाऱ्या काळाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल?

हे सारे सांगितल्यावर मूल आपल्या घराकडे पाहणार, याची तयारी पालकांनी ठेवावी. धुणी-भांडी करायला येणाऱ्या मावशींसोबत त्यांची लहान मुलगी येते आणि कोपऱ्यात बसून भाजी निवडते, तेव्हा आपले मूल विचारील, की ही शाळेत का जात नाही? दुकानातील मुलगा रात्री नऊपर्यंत उभा असतो, तो जेवला का? आजारपणाची रजा घेतली म्हणून पगार कापणे हे अतिभारात बसते का? हे गुलामगिरीच्या तोडीचे आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या चाळीस लाखांवर अन्याय होईल. परंतु अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडणे नव्हे, मोडण्याच्या दिशेने पडलेले पाऊल. ते पाऊल मुलाला दिसले तर त्याला गप्प करू नये.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला उत्तर दिले. म्हटले, ‘‘त्या बाजारातल्या इतर मुलींचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही. पण पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या देशात, तशाच बाजारांतल्या काही जणांनी आपलं काय झालं ते स्वतः लिहिलं. त्यांतल्या एका मुलाची गोष्ट आज सांगते.’’ आणि मी फ्रेडरिकची आई, मालकीण आणि भाकरी असे सारे सांगितले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तीच मुलगी म्हणाली, ‘‘ताई, पण त्याने भाकरी दिली ती मुलंसुद्धा भुकेलीच होती ना? मग त्याने त्यांना फसवलं नाही. दोघांनाही जे हवं होतं ते मिळालं.’’

माझ्या हे लक्षातच आले नव्हते. या पर्युषणात आपल्या घरी चंदनबालेची कथा होईल तेव्हा उडदांपाशी पोहोचण्याआधी थोडे त्या बाजारात थांबावे, आणि मुलांना विचारू द्यावे.